केलाँग ते घूम : एका वृद्ध मिशनरी दांपत्याच्या आनंदाचा शोध

१

परदेशी जाऊन धर्मप्रसार करणाऱ्या मिशनऱ्यांचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी केला जातो. त्यांनी किती लोकांस आपल्या धर्मात घेतले, हे एक. आणि शाळा, छापखाने, कोश व व्याकरणे यांच्या रूपाने त्यांनी येथील समाजास काय दिले, हे दुसरे. दोन्ही विचारांत मिशनरी हा कार्याचे साधन म्हणूनच आपल्यासमोर येतो. परक्या मुलखात आयुष्याची चाळीस-पन्नास वर्षे काढणाऱ्या पति-पत्नींना त्या आयुष्यात आनंद लाभला काय आणि लाभला असल्यास तो कशातून, हा प्रश्न इतिहासाचा अभ्यासक सहसा विचारीत नाही. तो चरित्रकाराचा किंवा भाविकाचा प्रश्न मानून बाजूस ठेवला जातो.

प्रस्तुत लेखात हाच प्रश्न इतिहासाचा प्रश्न म्हणून विचारावयाचा आहे. त्यासाठी निवडलेले उदाहरण मोरेव्हियन पंथाच्या ऑगस्ट विल्हेल्म हायडे (१८२५–१९०७) व मारिया हायडे (१८३७–१९१७) या जर्मन दांपत्याचे आहे. हिमालयातील लाहूल प्रदेशात, केलाँग या गावी, या दोघांनी सुमारे चार दशके संसार केला. १८९८ साली त्यांनी केलाँग सोडले, तेव्हा हायडे त्र्याहत्तर वर्षांचे आणि मारियाबाई एकसष्ट वर्षांच्या होत्या. त्या वयात मायदेशी परतणे सर्वस्वी स्वाभाविक ठरले असते. परंतु ते परतले नाहीत. ते दार्जिलिंगजवळच्या घूम येथे गेले, आणि तिबेटी भाषेतील नव्या कराराच्या संशोधित आवृत्तीसाठी आणखी पाच वर्षे राहिले. या निर्णयाचा उलगडा केवळ ‘कर्तव्य’ या शब्दाने होत नाही, असे आम्हांस वाटते. तो उलगडा करावयाचा तर आनंदाचा प्रश्न टाळून चालत नाही.

२

प्रथम या पंथाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मोरेव्हियातून परागंदा झालेल्या काही प्रॉटेस्टंट कुटुंबांनी १७२२ साली सॅक्सनीत काउंट झिंझेनडॉर्फ यांच्या जमिनीवर हर्नहूट नावाची वस्ती वसविली. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांत, म्हणजे १७३२ साली, या लहानशा वस्तीने आपले पहिले मिशनरी कॅरिबियन समुद्रातील सेंट थॉमस बेटावर धाडले. पुढच्याच वर्षी ग्रीनलंडला धाडले. हे लोक बहुतांशी कारागीर होते. विद्यापीठातील पदवीपेक्षा हातातील कसब आणि मनाची चिकाटी यांवर पंथाचा भर असे.

त्यांची आणखी एक रीत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मोरेव्हियन मिशन ही दांपत्यांची मिशन होती. एकट्या पुरुषाने ठाणे स्थापन केले, तरी काही काळाने त्यास वधू पाठविली जाई, आणि पत्नी ही केवळ घर सांभाळणारी नसून तीही मिशनचीच कार्यकर्ती मानली जाई. विवाहासारख्या प्रश्नावर चिठ्ठ्या टाकून ईश्वरी कौल घेण्याची जुनी रीत या पंथात होती. सामान्य सभासदांवरील तिची सक्ती १८१८ साली उठली. तथापि मिशनऱ्यांच्या विवाहाचा निर्णय त्यानंतरही मुख्यतः वरिष्ठ मंडळाच्याच हाती राहिला. यामुळे ज्या पुरुषास आपण कधी पाहिले नाही अशा पुरुषाशी लग्न करण्यासाठी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास जाणाऱ्या स्त्रिया या पंथाच्या इतिहासात अनेक आढळतात.

मारियाबाई त्यांपैकीच एक होत. त्यांचा जन्म दक्षिण अमेरिकेतील सुरिनामची राजधानी पारामारिबो येथे झाला. आईवडील दोघेही मिशनरी होते. अशा मुलांना शाळेच्या वयात जर्मनीस धाडण्याचा पंथाचा शिरस्ता होता, आणि सॅक्सनीतील क्लाइनवेल्का येथे त्यांच्यासाठी निवासी शाळा होत्या. त्या शिरस्त्याप्रमाणे मारियाबाईंचे बालपण आईवडिलांपासून दूर गेले. १८५९ साली बावीस वर्षांच्या वयात त्या हिमालयात आल्या व हायडे यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. त्याच वर्षी हायडे यांच्या दोघा सहकाऱ्यांसाठीही अशाच वधू आल्या. मारियाबाईंच्या भावानेही पुढे ऑस्ट्रेलियात मिशनचे काम केले. सुरिनाम, सॅक्सनी, लाहूल आणि ऑस्ट्रेलिया अशा चार ठिकाणी विखुरलेले हे एक कुटुंब होते. ‘परदेश’ या शब्दाचा अर्थ अशा माणसांपुरता तरी वेगळाच समजावा लागतो. कारण ज्यास निःसंशयपणे स्वदेश म्हणावे, असे ठिकाण मारियाबाईंना जन्मतः लाभलेच नव्हते.

३

हायडे व त्यांचे सहकारी एदुआर्द पागेल यांना केलाँगला यावयाचेच नव्हते. पंथाने त्यांना १८५३ साली धाडले, ते मंगोलियासाठी. रशियातून जाण्याची परवानगी मिळाली नाही, म्हणून ते समुद्रमार्गे कलकत्त्यास आले आणि सिमल्यापलीकडील कोटगढपर्यंत पोहोचले. १८५५ साली त्यांनी लडाखमार्गे तिबेटात शिरण्याचा यत्न केला. तोही सरहद्दीवरच अडविला गेला. अखेर १८५६ साली, १८४६ पासून ब्रिटिश अमलाखाली असलेल्या लाहूलमध्ये, भागा नदीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे दहा हजार फूट उंचीवर त्यांनी घर बांधावयास घेतले. मंगोलियाच्या वाटेवरील मुक्काम म्हणून जे ठिकाण निवडले, तेच हायडे यांच्या आयुष्याचे ठिकाण झाले.

कुलूहून लाहूलला जावयाचे तर सुमारे तेरा हजार फूट उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागे, आणि वर्षातील कित्येक महिने ती बर्फाने बंद असे. २०२० साली खिंडीखालील बोगदा खुला होईपर्यंत लाहूलची ही हिवाळी कोंडी मोठ्या प्रमाणात कायमच होती. एकोणिसाव्या शतकात तर ती कोंडी म्हणजे जगापासून जवळजवळ संपूर्ण तुटणे होते.

येथे या दांपत्याच्या पदरी आलेले यश, पंथाच्या स्वतःच्या मापाने मोजले असता, फारच थोडे होते. पहिला बाप्तिस्मा होण्यास १८६५ साल उजाडावे लागले. आणि तो घेणारे लाहूलचे नसून लडाखकडचे होते. पुढील दशकांतही केलाँगची ख्रिस्ती मंडळी लहानच राहिली, आणि तीत खुद्द लाहूली माणसे थोडीच होती. गावाच्या वर शाशूर आणि नदीपलीकडे कारदांग हे बौद्ध मठ उभे होते. शेतजमीन, पाणी, नातेसंबंध आणि सणवार यांचे सारे जाळे त्या धर्माशी विणलेले होते. ते जाळे तोडून बाहेर पडण्याचे कारण लाहूली शेतकऱ्यास दिसत नव्हते.

सहकारीही एकेक करून दूर झाले. १८५७ साली आलेले हाइन्रिख ऑगस्ट येश्के हे या मंडळींतील खरे भाषापंडित. प्रकृती ढासळल्याने ते १८६८ साली परतले. पागेल पति-पत्नी १८६५ साली किन्नौर प्रदेशातील पू या ठाण्यावर गेले व १८८३ साली दोघेही तेथेच निवर्तले. नंतर आलेले रेडस्लोब १८८५ साली लेह येथील नव्या ठाण्यावर गेले. पहिल्या तीन दांपत्यांपैकी केलाँगला शेवटपर्यंत टिकले ते हायडेच. या साऱ्या काळात मायदेशी एकदाही रजेवर न जाता त्यांनी हे दिवस काढले.

४

अशा आयुष्यात आनंद होता असे म्हणावयाचे, तर पुरावा कोणता? येथे एक पद्धतीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळता येण्यासारखा नाही.

मिशनरी वाङ्मयात आनंदाचा उल्लेख विपुल आहे. परंतु तो विपुल आहे म्हणूनच त्याविषयी सावध राहावे लागते. मोरेव्हियन पंथाची नियतकालिके ठिकठिकाणच्या ठाण्यांवरील अहवाल छापीत. ते वाचून देणगीदार देणगी देत आणि तरुण मंडळी मिशनसाठी पुढे येत. पंथातील प्रत्येक सभासदाने आपले जीवनवृत्त लिहून ठेवावे आणि त्याच्या अंत्यविधीच्या वेळी ते वाचले जावे, अशीही रीत होती. या दोन्ही लेखनप्रकारांत दुःख सांगावयाचे ते कृतज्ञतेत विरवून, आणि शेवट करावयाचा तो आनंदावर, असा संकेत होता. आपल्या कीर्तनाचा शेवट जसा ठराविक रीतीने होतो आणि त्यावरून कीर्तनकाराच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीचे अनुमान करता येत नाही, तसाच हा प्रकार होय. म्हणून अहवालात ‘आनंद’ हा शब्द किती वेळा आला, याची मोजदाद करून काही हाती लागणार नाही.

मारियाबाईंनी अनेक वर्षे दैनंदिनी लिहिली, ही अभ्यासकांच्या दृष्टीने भाग्याची गोष्ट होय. फ्रांक झेलिगर यांनी केलाँगच्या मिशनऱ्यांच्या परकेपणाच्या अनुभवावर लिहिलेला जर्मन प्रबंध २००३ साली प्रसिद्ध झाला, तो मुख्यतः अशाच साहित्याच्या आधारे. हायडे यांचे पुत्र गेर्हार्ड यांनी आईवडिलांच्या तिबेटी लोकांमधील पन्नास वर्षांचे चरित्र १९२१ साली प्रसिद्ध केले. या साधनांमुळे अहवालाच्या भाषेपलीकडचे दैनंदिन जीवन काही प्रमाणात दृष्टीस येते. तथापि येथेही शब्दापेक्षा कृतीवर अधिक भर देणे इष्ट. माणूस पुन्हा पुन्हा कोणत्या कामाकडे वळतो, सक्ती नसताना काय करीत राहतो आणि निवडीची वेळ आली असता काय निवडतो, हा आनंदाचा अधिक विश्वसनीय पुरावा होय.

५

या कसोटीने पाहता केलाँगच्या घरातील तीन कामे ठळकपणे समोर येतात.

पहिले काम बागेचे व शेतीचे. थोड्या महिन्यांच्या उन्हाळ्यात, पाट काढून आणलेल्या पाण्यावर भाजीपाला पिकविण्याचे प्रयोग या ठाण्यावर झाले. लाहूलमध्ये बटाटा रुजविल्याचे श्रेय सामान्यतः याच मिशनऱ्यांस दिले जाते. पुढे विसाव्या शतकात बटाट्याच्या बियाण्याने लाहूलची सारी अर्थव्यवस्था बदलून टाकली, हे लक्षात घेता ही गोष्ट किरकोळ म्हणता येत नाही.

दुसरे काम विणकामाचे. आणि ते सर्वस्वी मारियाबाईंचे. हिवाळ्यात गावातील मुली व बायका मिशनच्या घरी जमत आणि सुयांवर लोकरी मोजे विणावयास शिकत. लोकर गावचीच, बर्फाने लादलेला रिकामा वेळही गावचाच. कसब मात्र नवे होते. मोज्यांना बाहेर गिऱ्हाईक मिळाले आणि विणणाऱ्या बाईच्या हाती स्वतःचे चार पैसे येऊ लागले. लाहूली मोजे व हातमोजे यांस आज भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण लाभलेले आहे. जी शिकवण गावाने पिढ्यान्‌पिढ्या स्वतःची म्हणून जपली, ती प्रवचनातली नव्हती. ती सुयांवरची होती.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने या विणकामाच्या बैठकीस आणखी एक महत्त्व आहे. केलाँगच्या परिसराची मातृभाषा तिबेटी नव्हे. ती बुनान अथवा गाहरी या नावाने ओळखली जाते. ती तिबेटीशी दूरच्या नात्याने निगडित, परंतु तिबेटी जाणणाऱ्यास आपोआप समजावी अशी नाही. लिखित तिबेटी ही तेथे धर्मग्रंथांची भाषा होती. थोड्याफार प्रमाणात आपल्याकडील संस्कृतसारखी. मिशनच्या शिळाछापावर निघणारी पुस्तके लिखित तिबेटीत असत. म्हणजे पुस्तक पोहोचे ते अक्षरओळख असणाऱ्या थोड्यांपर्यंत. विणावयास बसलेल्या बायकांशी संबंध जडावयाचा, तो पुस्तकाच्या भाषेतून नव्हे, तर घरगुती बोलीतून आणि हातांच्या कामातून. हायडे दांपत्यातील श्रमविभागणी या भाषिक वस्तुस्थितीशी जुळणारी आहे : पति लेखी भाषेच्या बाजूस, पत्नी बोलीच्या बाजूस. दोघे मिळून एक संपूर्ण भाषिक समाज त्यांच्या परिचयाचा झाला. एकट्यास तो झाला नसता.

६

तिसरे काम भाषेचे. आणि त्याचा विचार थोडा विस्ताराने करावयास हवा.

येश्के यांनी तिबेटीचा जो अभ्यास मांडला, तो त्या विषयातील पायाभूत ग्रंथांत मोडतो. त्यांचा तिबेटी–इंग्रजी कोश १८८१ साली लंडनला प्रसिद्ध झाला, आणि त्यांनी आरंभलेला नव्या कराराचा अनुवाद त्यांच्या निधनानंतर १८८५ साली छापून पुरा झाला. हायडे येश्क्यांसारखे पंडित नव्हते. परंतु येश्के यांना लाहूलमध्ये लाभलेली वर्षे अकरा. हायडे यांना चाळिसांहून अधिक. पंडिताने जे सूत्र बांधले, ते बाजारात, शेतात आणि आजाऱ्याच्या उशाशी खरे ठरते की नाही, हे पाहण्यास हायडे यांना पुरेसा काळ मिळाला.

अनुवादात अडचण येई ती बौद्ध अर्थाने भरलेल्या शब्दांची. ईश्वरासाठी येश्के यांनी ‘कोन-छोग’ (लेखी रूप ‘द्कोन-म्छोग’) हा शब्द घेतला. त्याचा शब्दशः अर्थ ‘दुर्लभ व श्रेष्ठ’. परंतु तिबेटी माणसाच्या कानी तो पडताच त्यास बुद्ध, धर्म व संघ या त्रिरत्नांचे स्मरण होते. नवा शब्द घडवावा तर कोणास कळत नाही, रूढ शब्द घ्यावा तर जुना अर्थ आड येतो. ‘देव’, ‘ईश्वर’, ‘परमेश्वर’ या शब्दांपैकी कोणता घ्यावा, ही मराठी बायबलच्या अनुवादकांपुढील अडचण याच जातीची होती. ‘शुभवर्तमान’ या मराठी शब्दाची घडण मात्र तिबेटीशी चकित करण्याइतकी जुळते : तिबेटीत त्यासाठी योजलेला शब्द ‘फ्रिन-ब्झङ’ असा लिहितात, आणि त्याचे घटक ‘वार्ता’ व ‘चांगली’ असेच आहेत.

प्रस्तुत विषयाशी ज्याचा थेट संबंध आहे, तो शब्द ‘आनंद’. तिबेटीत या अर्थक्षेत्रात दोन शब्द प्रमुख आहेत. एक ‘दे-वा’ (लेखी ‘ब्दे-बा’), आणि दुसरा ‘गा-वा’ (लेखी ‘द्गा-बा’). संस्कृत ग्रंथांच्या तिबेटी अनुवादांत ‘सुख’ या शब्दास पहिला योजतात. अमिताभ बुद्धाची ‘सुखावती’ तिबेटीत ‘दे-वा-चेन’ होते ती यामुळेच. हा शब्द मुख्यत्वे स्थितीचा वाचक आहे : स्वस्थता, उपद्रवाचा अभाव, सुखावस्था. दुसरा शब्द मनाच्या उल्लासाचा. तो क्रियापद म्हणूनही सहज वापरला जातो, आणि ‘आवडणे’, ‘एखाद्या गोष्टीने हर्ष पावणे’ असा त्याचा अर्थ होतो. बुद्धाचा शिष्य आनंद याचे तिबेटी नाव ‘कुन-गा-वो’ आहे. त्यात हाच धातू आहे.

आपल्या मराठीतही हा भेद क्रियापदांच्या निवडीत उतरला आहे. सुख ‘मिळते’, ‘लाभते’, ‘भोगले’ जाते. म्हणजे ते बाहेरून येणारी वस्तू असल्यासारखे आपण बोलतो. आनंद ‘होतो’, ‘वाटतो’. आणि समाधान तर ‘मानावे’ लागते. त्यात माणसाच्या इच्छेचा वाटा असतो.

केलाँगच्या घरात पहिल्या अर्थाचे सुख होते, असे कोणी म्हणणार नाही. थंडी, एकांत, आजारपण आणि अपयश यांची तेथे रेलचेल होती. दुसऱ्या अर्थाचा आनंद मात्र होता, असे मानण्यास जागा आहे. आणि तो कामाच्या पोटातून, कामाच्या बरोबरीनेच येणारा होता. मोज्याची टाच वळविता येऊ लागलेली मुलगी, बर्फ वितळल्यावर वर आलेला कोंब, वर्षानुवर्षे निसटलेल्या एखाद्या शब्दाचा अचानक लागलेला अर्थ यांतून मिळणारा हा आनंद धर्मांतरांच्या संख्येवर अवलंबून नव्हता. म्हणूनच ती संख्या नगण्य राहिली, तरी तो आटला नाही, असे आम्ही समजतो.

७

आता १८९८ सालाच्या निर्णयाकडे वळता येईल. तिबेटी नव्या कराराची पहिली आवृत्ती पश्चिमेकडील प्रदेशात तयार झालेली होती. मध्य व पूर्व तिबेटकडील वाचकांनाही ती सुबोध व्हावी, यासाठी तिचे संशोधन करावयाचे ठरले. दार्जिलिंगच्या परिसरात तिबेटी लोकांची ये-जा मोठी होती व तिबेटी जाणणारे अन्य मिशनरीही होते. म्हणून ते काम घूम येथे व्हावयाचे होते. त्र्याहत्तर वर्षांचे हायडे तेथे गेले. मारियाबाई बरोबर गेल्या.

याच काळात त्यांच्याकडे दुसरेही एक काम आले. शरच्चंद्र दास यांचा मोठा तिबेटी–इंग्रजी कोश बंगाल सरकारच्या वतीने १९०२ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर संशोधक-संपादक म्हणून ग्रॅहम सँडबर्ग यांच्याबरोबर हायडे यांचे नाव आहे. पुढील वर्षी, १९०३ साली, नव्या कराराची संशोधित आवृत्ती सिद्ध झाली. त्यानंतरच हे दांपत्य जर्मनीस परतले. हायडे यांना हिंदुस्थानात येऊन तेव्हा पन्नास वर्षे होत होती. पुढे चार वर्षांनी हर्नहूट येथे ते वारले. मारियाबाई त्यांच्या मागे दहा वर्षे जगल्या.

ज्या माणसास विद्यापीठाचे शिक्षण मिळाले नव्हते, जो पंडितांच्या सावलीत उभे आयुष्य राहिला, त्याच्या हाती पंचाहत्तरी उलटल्यावर दोन मोठ्या ग्रंथांचे शुद्धीकरण यावे, ही साधी गोष्ट नव्हे. कोश ही तारुण्यातील हुशारीने रचता येणारी वस्तू आहे. तो दुरुस्त करावयास मात्र वय लागते. शब्दाचा अमुक अर्थ कोणत्या खोऱ्यात चालतो, कोणत्या पिढीनंतर मागे पडला, कोणाच्या तोंडी तो उपरोधाने येतो, या गोष्टी दीर्घ सहवासावाचून कळत नाहीत. केलाँगमधील ज्या वर्षांना पंथाच्या हिशेबवहीत जमा म्हणून दाखविण्याजोगे फारसे नव्हते, त्या वर्षांचे मोल घूमच्या लेखनमेजावर सिद्ध झाले. हायडे यांना मायदेशापेक्षा घूम जवळचे वाटले असेल, तर त्याचे कारण येथे आहे. गेलेले आयुष्य व्यर्थ गेले नाही, याची खात्री देणारे काम त्यांना तेथे दिसत होते.

पश्चिम हिंदुस्थानात याच्याशी ताडून पाहण्याजोगे एक दांपत्य आढळते. स्कॉटिश मिशनरी जॉन मरे मिचेल १८३८ साली मुंबईस आले. तुकाराम व अन्य मराठी संतकवी यांच्याविषयी मुंबईच्या आशियाई संस्थेच्या नियतकालिकात लिहिणाऱ्या पहिल्या युरोपीयांत त्यांची गणना होते. त्यांच्या पत्नी मारिया मिचेल यांनीही हिंदुस्थानातील जीवनावर पुस्तके लिहिली. हे दांपत्य मायदेशी जाऊन पुन्हा हिंदुस्थानात आले, आणि मिचेल यांनी आपल्या पश्चिम हिंदुस्थानातील आठवणींचे पुस्तक १८९९ साली, वयाच्या ऐंशीनंतर, प्रसिद्ध केले. परिस्थिती अगदी वेगळी : एकीकडे मुंबई-पुण्याचा गजबजाट, दुसरीकडे बर्फाने कोंडलेले खोरे. तरीही उतारवयात दोघा पुरुषांनी तरुणपणी शिकलेल्या भाषेकडे व प्रदेशाकडेच वळावे, आणि दोघींनी स्वतःच्या लेखणीने आपली नोंद ठेवावी, हे साम्य विचार करावयास लावणारे आहे.

८

तथापि या आनंदाचा हिशेब एकतर्फी मांडणे अन्यायाचे होईल. त्याची किंमत होती, आणि ती सगळी या दोघांनीच मोजली असे नाही.

हायडे दांपत्याची काही मुले केलाँगलाच दगावली. जी जगली, त्यांना शिरस्त्याप्रमाणे लहान वयात जर्मनीस धाडावे लागले. मारियाबाईंनी स्वतः जे बालपणी भोगले, तेच आपल्या मुलांच्या वाट्यास दिले. आईवडील रजेवर न गेल्यामुळे ही ताटातूट दोन-चार वर्षांची न राहता दशकांची झाली. मोरेव्हियन पंथात वर्षातील प्रत्येक दिवसासाठी बायबलमधील एक वचन नेमून दिलेले असते, आणि त्यांचे पुस्तक १७३१ सालापासून दरवर्षी निघत आले आहे. केलाँगला आई जे वचन वाची, तेच त्या दिवशी क्लाइनवेल्काला मूल वाचीत असे. हा दुवा खरा होता. पण तो किती तोकडा होता, हे सांगावयास नको. पुत्राने पुढे आईवडिलांचे चरित्र लिहिले, हे त्यांच्या संबंधाचे द्योतक आहे. परंतु ज्यांच्याबरोबर आपण वाढलो नाही, त्यांना जाणून घेण्याचा तो यत्नही असू शकेल.

दुसरी गोष्ट लाहूली लोकांची. ब्रिटिश सत्तेच्या आधारावाचून हे ठाणे उभे राहिले नसते. गावकऱ्यांच्या दृष्टीने साहेबाचे राज्य आणि साहेबाचा धर्म यांत फार अंतर नव्हते. या लोकांनी बटाटा घेतला, मोजे घेतले, औषध घेतले, मुलांसाठी अक्षरे घेतली. धर्म घेतला नाही. त्यांचा हा विवेक आपण पुरेसा लक्षात घेत नाही. मिशनऱ्यांचा आनंद जेथे खरा दिसतो, त्या जागा पाहिल्या असता असे आढळते की लोकांनी आपखुशीने जे स्वीकारले, त्याच जागा त्या आहेत. देणाऱ्याने ठरविलेल्या दानातून नव्हे, तर घेणाऱ्याने निवडलेल्या देण्यातून तो आनंद आला. तो देण्याचे सामर्थ्य गावकऱ्यांच्या हाती होते, असेही म्हणता येईल.

भाषेच्या कामातही हेच घडले. जुन्या कराराचा तिबेटी अनुवाद पूर्णत्वास नेला, तो लडाखमधील योसेब गेरगन यांनी. आणि संपूर्ण तिबेटी बायबल १९४८ साली छापून निघाले, तेव्हा गेरगन हयात नव्हते. परक्यांनी आरंभिलेले काम त्याच प्रदेशातील माणसाच्या हातून शेवटास गेले. हायडे यांच्यासारख्या, भाषिकांच्या कानावर विसंबून राहण्यात आयुष्य गेलेल्या माणसास हा शेवट अनपेक्षित वाटला नसता.

९

या उदाहरणावरून महाराष्ट्रातील मिशनरी इतिहासाच्या अभ्यासकांनी एकदोन दिशा घेण्यासारख्या आहेत. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ १८१३ साली मुंबईस झाला, अहमदनगरचे ठाणे १८३१ साली निघाले, ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून निघू लागला. या परंपरेविषयी आपल्याकडे जे लेखन झाले, ते बहुतांशी संस्थांचे, वादविवादांचे आणि आरंभकाळाचे आहे. तेथे आलेल्या दांपत्यांच्या उत्तरायुष्याचा, आणि विशेषतः त्यांतील स्त्रियांच्या पत्रांचा व दैनंदिन्यांचा अभ्यास अद्याप मोठ्या प्रमाणात व्हावयाचा आहे. कोणत्या बोली त्यांच्या कानावर पडत, घरकाम करणाऱ्या बायकांशी त्या कोणत्या मराठीत बोलत, शिवण-विणकामाच्या वर्गात कोणते शब्द रूढ झाले, हे प्रश्न भाषाशास्त्राचेही आहेत आणि इतिहासाचेही. आरंभीच्या उत्साहाची कागदपत्रे सर्वत्र सारखी असतात. तीस-चाळीस वर्षांनंतर माणूस का टिकून राहिला, हे सांगणारी कागदपत्रे प्रत्येक ठिकाणी निराळी असतात, आणि म्हणून अधिक बोलकी.

हायडे दांपत्यापुरते बोलावयाचे, तर मंगोलिया त्यांना दिसला नाही, तिबेटात त्यांचे पाऊल स्थिरावले नाही, आणि लाहूल ख्रिस्ती झाले नाही. ज्या तीन गोष्टींसाठी त्यांना धाडले किंवा ठेवले, त्यांपैकी एकही साधली नाही. तरीही निवड करण्याची संधी आली, तेव्हा या वृद्ध पति-पत्नींनी आणखी पाच वर्षे त्याच भाषेच्या सहवासात घालविणे पसंत केले. लाहूलच्या बायका आजही मोजे विणतात, आणि तिबेटीचा अभ्यासक आजही १९०२ चा कोश उघडतो. या दोन गोष्टींचा आनंदाशी असलेला संबंध मान्य केल्यावाचून त्या आयुष्याचा इतिहास पुरा होत नाही, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.